राखाडी झाकण

मी फक्त खुर्चीतून उठले होते. हातात पुस्तक, दुपारची वेळ, घरात शांतता आणि माशांच्या टाकीपासून मी चांगली पाच-सहा पावलं दूर. तेवढ्यात पाण्यात धाडकन आवाज झाला, झाकणाच्या काचेवर आतून पाणी उडालं आणि दोन सेव्हरम माशांपैकी मोठा नर ड्रिफ्टवूडखाली, म्हणजे टाकीतल्या लाकडाच्या तुकड्याखाली, इतक्या जोरात घुसला की तळाची वाळू वर उसळली. वाळू खाली बसली तेव्हा तो दिसला. अंगावरचा हिरवट सोनेरी रंग पार उतरलेला, त्या जागी काळपट उभे पट्टे, पर अंगाशी घट्ट मिटलेले, कल्ल्यांची उघडझाप भराभर चाललेली. सकाळी याच माशाने माझ्या बोटांतून दाणा घेतला होता. त्याच्या ओठांचा किंचित खरखरीत स्पर्श बोटाला अजून जाणवत होता. मग दुपारी त्याने मला काय समजलं?

ओळख पटली नाही, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मासे चेहरे ओळखतात, आणि आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ बारकाईने ओळखतात. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या एका लहानशा, कळपाने राहणाऱ्या सिक्लिडवर, म्हणजे सेव्हरमच्याच मोठ्या कुळातल्या माशावर, जपानी संशोधकांनी काम केलं आणि २०१५ साली दाखवून दिलं की हे मासे एकमेकांना तोंडावरच्या रेषांवरून ओळखतात. शेजारी कोण आणि परका कोण, हे त्यांना चेहऱ्यावरूनच कळतं. पुढच्याच वर्षी आर्चरफिशवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हा मासा पाण्याची पिचकारी मारून किडे पाडतो. त्याला माणसांच्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली, तर शिकवलेल्या चेहऱ्यावरच तो पिचकारी मारायला शिकला. तेव्हा माझा नर मला ओळखत असणार, यात मला शंका नाही. मी दाण्याची डबी उचलली की तो पुढच्या काचेशी येऊन डोलायला लागतो. घरातल्या दुसऱ्या कुणी तीच डबी उचलली तर आधी जरा अंतर राखून बघतो. ओळख होती आणि तरीही तो पळाला. म्हणजे ओळख आणि निर्धास्तपणा या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिक्लिड पाळणाऱ्या माणसाला यातलं कोडं नेमकं कळेल. हे काही भित्र्या जातीचे मासे नाहीत. आपल्या हद्दीसाठी शेजाऱ्याचे पर फाडणारे, दगडगोटे तोंडाने उचलून टाकीची रचना बदलणारे, हीटरची सक्शन कपं उपटून काढणारे हे मासे. याच कुळातला हातभर वाढलेला ऑस्कर खोलीतला दिवा लागला म्हणून कोपऱ्यात आडवा पडतो. डिस्कस पिशवीतून टाकीत सोडल्यावर कुशीवर झोपतात आणि आपला जीव वरखाली होतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे म्बुना, जे दिवसभर एकमेकांच्या मागे लागलेले असतात, ते कुणी गडद रंगाचा शर्ट घालून समोरून गेलं की क्षणात दगडांच्या फटींत नाहीसे होतात, आणि मग समोर उरतात नुसते दगड. माझ्या मावशीकडे लहानपणी एंजलफिशची जोडी होती. पाहुणे आले की कुणीतरी काचेवर टकटक करायचं, मासे दचकून फिरायचे आणि पाहुणे म्हणायचे, किती चपळ आहेत! मीही टाळ्या पिटल्या असतील. त्या चपळाईत काय होतं ते आता दिसतं.

त्या दुपारनंतर मी खोलीकडे माशाच्या बाजूने बघायला लागले. अगदी खरोखर, टाकीजवळ जमिनीवर बसून, डोळे काचेच्या उंचीला आणून. नदीत वरून बघणारे सगळे भूक घेऊन आलेले असतात. बगळा, खंड्या, मासेमार घार. माशाला पाण्याखालून वरचं सगळं आकाश आणि काठ साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा होऊन दिसतात. काठावरची बुटकी वस्तू त्या गोलाच्या कडेशी चेपलेली असते आणि ती उभी राहिली की एकदम आत सरकते. टाकीच्या उभ्या काचेतून तो खोली थेट बघतो, ती गोष्ट निराळी, पण लाखो वर्षांत मुरलेला हिशेब एकच: जे अचानक उंच होतं ते वाईट. मी बसले होते तोवर खोलीतलं सामान होते. उठले तेव्हा काठावरचा बगळा झाले. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. उलट, असा हिशेब न करणारे मासे अंडी घालण्याएवढे जगलेच नसतील.

म्हणून 'भीती घालवायची' ही भाषा मला पटत नाही. भीती हे त्याचं ज्ञानेंद्रिय आहे, कल्ल्यांइतकंच त्याचं स्वतःचं. आपल्या हातात एवढंच असतं की त्या इंद्रियापर्यंत खोट्या बातम्या कमी जाव्यात.

खोट्या बातम्या किती असतात, हे शोधायला लागल्यावर समजलं. सकाळचा दिवा घ्या. माशाला पापण्या नसतात, आणि बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली आपल्यासारखी उजेडाला आकसतही नाही. अंधारातून उजेडात येताना त्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आणि रंगद्रव्याचे कण हळूहळू जागा बदलतात, आणि हे काम क्षणात होत नाही, बरीच मिनिटं चालतं. आपण मात्र अंधाऱ्या खोलीत येऊन खट्‌कन टाकीचं बटण दाबतो. त्या पांढऱ्या झोतात मासा काचेवर आपटतो आणि आपण म्हणतो, वेडाच आहे हा. आता माझ्याकडे सकाळी आधी पडदे सरतात, मग खोलीचा दिवा लागतो, टाकीचा दिवा बराच उशिरा. रात्री याच्या उलट. रात्रीचं कारण आणखी एक आहे: खोली अंधारी आणि टाकी उजळलेली असली की काचेचा आतून आरसा होतो. सिक्लिडला त्या आरशात दुसरा सिक्लिड दिसतो, पर फुलवून तितक्याच जोराने अंगावर येणारा, कधीच माघार न घेणारा. त्याच्याशी झुंजून मासा थकतो, आणि थकलेला मासा कशालाही दचकतो.

मग आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेघ दिसते, ती जवळच्या पाण्याची हालचाल अंगावरच टिपते. टाकीखालच्या कपाटाचं दार आपण आपटतो तेव्हा आपल्याला तो लाकडाचा आवाज. त्याला तो सगळ्या अंगाला लागलेला धक्का. एका संध्याकाळी मी तळहात काचेला टेकवून नुसती उभी राहिले. फिल्टरची बारीक थरथर सतत येत होती, ती त्याच्या सवयीची. मग शेजारच्या खोलीतलं दार लागलं आणि काचेतून मनगटापर्यंत काहीतरी आलं. एवढंसंच. पण मी काचेच्या बाहेर होते. त्यानंतर कपाटाच्या दाराला आतून जाड कापडाच्या गोल टिकल्या चिकटवल्या.

पाणी तपासायचं हे तर पहिलं. अमोनिया किंवा नायट्राइट, म्हणजे माशांच्याच घाणीतून पाण्यात तयार होणारी विषं, थोडी जरी दिसली तरी बाकी सगळे विचार बाजूला ठेवून पाणी बदलायचं. कल्ले जळत असताना मासा दचकणारच, त्यात मनाचा काही भाग नसतो. माझं पाणी ठीक होतं, तापमान २७ अंशांवर स्थिर होतं, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं जात होतं. दोन बाजूंच्या आणि मागच्या काचेला गडद कागद लावला, तेव्हा एकाच दिशेने जग उरलं. वर तरंगणारी वनस्पती सोडली, तिच्या मुळांच्या झिरमिळ्या खाली लोंबू लागल्या आणि पाण्यात उजेडाचे तुकडे हलू लागले. ड्रिफ्टवूडचा आणखी एक मोठा तुकडा आणला. लपायच्या जागा वाढवल्या तर मासा दिसणारच नाही, अशी भीती अनेकांना असते. होतं नेमकं उलटं. पळून जायची जागा शेपटीच्या एका फटक्यावर आहे हे माहीत असलेला मासा उघड्यावर येतो. उघड्या टाकीतला मासा मात्र जिथे आहे तिथेच, कोपऱ्यात, दिवसभर चिकटून राहतो.

पण हे सगळं झाल्यावरही खुर्चीचा प्रश्न राहिलाच.

दचकणं कमी झालं, संपलं नाही. मी उठले की मादी जागच्या जागी ताठ व्हायची, नर अर्ध्यापर्यंत पळून थांबायचा. त्या थांबण्यात मला काहीतरी दिसत होतं. तो ठरवत होता. आणि त्याच सुमारास कॉन्व्हिक्ट सिक्लिडवरचा फ्रान्समधला एक प्रयोग माझ्या वाचनात आला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा हा मध्य अमेरिकेतला मासा, जोडी करून राहणारा. संशोधकांनी माद्यांना झाकणं असलेल्या छोट्या डब्या उघडायला शिकवलं. काळ्या-पांढऱ्यापैकी एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ, दुसऱ्या रंगाच्या झाकणाखाली काही नाही. हे पक्कं झाल्यावर त्यांच्यापुढे राखाडी झाकण ठेवलं, काळ्या आणि पांढऱ्याच्या मधलं. आता याखाली काय असेल? ज्या माद्या आपण निवडलेल्या नराबरोबर होत्या त्या राखाडी झाकणाकडे पूर्वीसारख्याच गेल्या. ज्यांचा निवडलेला नर काढून घेतला होता, त्या अडखळल्या. त्यांना उघडायला जास्त वेळ लागला. झाकण तेच होतं. त्याखाली काही चांगलं असेल ही आशा आटली होती.

मी हे वाचून बराच वेळ टाकीकडे बघत बसले. माझं खुर्चीतून उठणं हे राखाडी झाकण होतं. ते ना पूर्ण धोक्याचं, ना पूर्ण सुरक्षित. ते कसं वाचायचं हे आधीच ठरलेलं होतं, त्या माशाच्या एकूण दिवसावरून, आदल्या रात्रीवरून, शेजारी कोण आहे यावरून. मी उठणं थांबवू शकत नव्हते. उठताना हळू उठणं, वाकून चालणं हेही करून पाहिलं. पण दबकत चालणारं मोठं जनावर म्हणजे नदीकाठी अगदीच वाईट बातमी असावी, कारण त्याने ते जास्तच घाबरले. सरळ, नेहमीच्या चालीने, इकडेतिकडे बघत गेलेलं त्यांना बरं वाटतं.

लहानपणी रात्री वीज गेली की मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायचे. काळोख इतका दाट की डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळायचं नाही. कुणी 'घाबरू नकोस' म्हटलं की भीती वाढायची, कारण म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. पण पलीकडे आई उठलेली असायची. तिला काळोखाचं काही नसायचं. तिने पाण्याच्या भांड्यावरचं झाकण उचलल्याचा आवाज यायचा, पेला ठेवल्याचा, मग तिच्या चालण्याचा, आणि कुठल्याशा गाण्याची अर्धी ओळ. ती माझ्यासाठी काही करत नव्हती. तिला तहान लागली होती, एवढंच. त्या आवाजांवर माझा सगळा जीव हलका व्हायचा आणि झोप लागायची.

माशांच्या बाबतीत हीच गोष्ट जॉर्ज बार्लो यांनी १९६८ साली लिहून ठेवली. कॅलिफोर्नियात बर्कलीला सिक्लिडच्या वागणुकीचा अभ्यास करणारा हा माणूस. अभ्यासकाची अडचण अशी की बघायला गेलं की मासे लपतात, आणि लपलेल्या माशाचं वागणं टिपायचं कसं? त्यांनी सुचवलेला उपाय होता टाकीत काही निरुपद्रवी, सतत पोहत राहणारे मासे सोडण्याचा. ते मोकळ्या पाण्यात फिरत असले की सिक्लिडची घबराट उतरते. पाळणारे लोक अशा माशांना आज सर्रास 'डिदर फिश' म्हणतात. यात शिकवणं नाही, चुचकारणं नाही. पृष्ठभागाजवळचे छोटे मासे पांगले नाहीत, म्हणजे वर बगळा नाही. खालच्या माशाला एवढी बातमी पुरते. आणि ती बातमी माझ्याकडून कधीच येऊ शकत नव्हती. मी कितीही प्रेमाने उभी राहिले तरी मीच संशयित होते.

निवड मात्र विचाराने करावी लागते. सिल्व्हर डॉलर मासे सेव्हरमांबरोबर छान राहतात, आकाराने सुरक्षित असतात, पण ते स्वतः कमालीचे दचकरे. त्यातला एक उडाला की सगळे उडतात आणि खालचे सिक्लिड त्याहून जोरात. घाबरट पहारेकरी ठेवण्यापेक्षा कुणी नसलेलं बरं. निऑन टेट्रा इतके लहान की वाढलेल्या सेव्हरमच्या तोंडात मावतात. मी ब्लॅक स्कर्ट टेट्रा आणले, उंच अंगाचे, गिळायला अवघड, धिटुकले. आणायच्या आधी मन जरा खात होतं. एका माशाच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून दुसऱ्या माशांना 'संकटाची पहिली खूण' म्हणून वर ठेवायचं, हे माझ्या मनाला सरळ पटत नव्हतं. म्हणून थवा चांगला मोठा घेतला, त्यांच्यासाठी वेगळी झाडी लावली, आधी स्वतंत्र टाकीत ठेवून त्यांची प्रकृती बघितली. ते नुसते साधन म्हणून येऊ नयेत, राहायला यावेत, एवढी माझी अट होती.

त्यांना टाकीत सोडलं तेव्हा ते आधी एका गठ्ठ्यात मध्येच तरंगत राहिले. मग एकाने वर जाऊन मुळांच्या झिरमिळ्यांतून काहीतरी टिपलं. दुसरा गेला. थोड्याच वेळात सगळा थवा पुढच्या काचेशी येऊन माझ्याकडे बघत होता, काळे झालरीसारखे पर हलवत, जणू मी कुणी खाऊ देणारी जुनी ओळखीची बाई. ड्रिफ्टवूडखालून नराचं तोंड बाहेर आलं. तो मला बघत नव्हता. तो त्यांना बघत होता. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी उठले. टेट्रा जरासे हलले आणि पुन्हा खायला लागले. नराचा अर्धा देह लाकडाबाहेर होता. पट्टे क्षणभर गडद झाले, पर मिटले आणि मग, टेट्रांकडे एक डोळा ठेवून, हळूहळू पुन्हा उघडले. मला रडू येईल असं वाटलं. त्याच वेळी, माझ्या इतक्या दिवसांच्या सवयीने, हाताने, आवाजाने जे झालं नव्हतं ते या नवख्यांनी केलं, याचं थोडं वाईटही वाटलं. दोन्ही खरं होतं.

इथे एक सांगायलाच हवं, कारण यात फसगत होऊ शकते. न हलणारा प्रत्येक मासा शांत नसतो. ताण सतत राहिला की माशाच्या अंगातही आपल्यासारखंच कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढत राहतं, रोगाशी झुंजायची ताकद घटते, भूक मरते. असा मासा काही काळाने दचकणंही सोडतो. हात आत घातला तरी जागचा हलत नाही. बघणारा म्हणतो, माणसाळला. तो माणसाळलेला नसतो, त्याने पळायचं सोडून दिलेलं असतं. फरक परांवर दिसतो. निर्धास्त माशाचे पर उघडे, सैल आणि सतत बारीक हलते असतात. तो वाळू चाळतो, तोंडात घेतो, कल्ल्यांतून सोडतो, नवीन दगड ठेवला तर येऊन हुंगतो. हरलेला मासा रंगाने काळवंडतो, एकाच उंचीवर अडकतो आणि त्याला कशाचीच उत्सुकता नसते. माझ्या मते भीतीच्या उलट टोकाला शांतता नसते, कुतूहल असतं. टाकीसमोर उभी राहिले की मी तेच शोधते.

आणि मग कुतूहल आलं, त्यापाठोपाठ संसार आला. एके दिवशी नर आणि मादी टाकीच्या डाव्या कोपऱ्यातला एक चपटा दगड आळीपाळीने तोंडाने घासताना दिसले. रंग असे चढलेले की मी ते यापूर्वी पाहिले नव्हते. नराच्या गालांवरच्या लालसर तपकिरी नागमोडी रेषा काचेबाहेरूनही ठळक. एकमेकांचे ओठ पकडून ओढाताण झाली, शेपट्यांचे फटके झाले, आणि दगडावर अंड्यांच्या ओळी लागल्या. मादी परांनी त्यांच्यावर पाणी घालत राहिली, नर पुढे उभा. घाबरलेले सिक्लिड अंडी घालायच्या फंदात सहसा पडत नाहीत, आणि घातली तरी बऱ्याचदा खाऊन टाकतात. ही अंडी टिकली.

पण आता टेट्रांचं काय? ज्यांच्या बेफिकिरीवर ही जोडी उभी राहिली, त्यांनाच नर टाकीच्या उजव्या टोकाला कोंडून ठेवू लागला. थव्यातल्या एकाच्या परांची झालर फाटली. जे निर्धास्त होते ते आता हीटरमागे दाटीवाटीने उभे, आणि ज्याला खुर्चीची भीती वाटायची तो मोकळ्या पाण्याचा मालक. मला नराचा राग आला नाही. पिल्लांसाठी सिक्लिड असाच वागतो, आणि तो तसा वागू शकतो म्हणजेच तो बरा आहे. पण टेट्रांना मी राहायला आणलं होतं.

शनिवारी पाणी बदलायला हात आत घातला तेव्हा मादी सरळ मनगटावर धावून आली आणि चावली. रक्त वगैरे काही नाही, लहानशी लाल रेघ. नर मागे होता, पर पूर्ण फुलवून. डावी बाजू तशीच ठेवली, नेहमीच्या निम्मंच पाणी काढलं. उजवीकडे मात्र झाडी वाढवायची आहे, मध्यावर एक उंच लाकूड आडवं लावायचं आहे, म्हणजे नराला पलीकडचा थवा सतत दिसणार नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर पिल्लं पोहायला लागेपर्यंत टेट्रांना मोठ्या दुसऱ्या टाकीत हलवीन. ते गेल्यावर हे दोघं पुन्हा दचकतील का, हे मला बघायचं आहे.